हासन दुसऱ्या नंबरावर

मॉक अलॉटमेंट लागली होती. मानसाला म्हैसूरमधलीच बी.फार्म.ची जागा दाखवत होते. तिचे वडील गोपाळराव माझ्या टेबलासमोर उभे राहून पेढ्यांचा बॉक्स उघडत होते. मानसा शेजारच्या खुर्चीत बसून स्क्रीनकडे बघत होती. तिने पेढा घेतला नाही.

"घ्या मॅडम. पहिल्या नंबरचंच लागलं. देवीने सांगितलं तसंच."

मी पेढा हातात धरला आणि मानसाला यादी उघडायला सांगितलं. तिने उघडली. पहिल्या नंबरावर फार्मसी. दुसऱ्यावर हासनचं व्हेटर्नरी कॉलेज. तिसऱ्यावर शिवमोग्याचं. त्याखाली इतर काही, आणि सगळ्यात तळाला गदगचं व्हेटर्नरी. मानसाने आणि मी कागदावर ठरवलेला क्रम असा नव्हता. तिथे फार्मसी सगळ्यात खाली होती.

"हे कुणी बदललं?"

"आम्ही देवळात विचारून आलो," गोपाळराव म्हणाले. "उजवं फूल पडलं."

मी एका छोट्या संस्थेत काम करते. मूळची सोलापूरची. म्हैसूरला शिकायला आले आणि राहिले. कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचे. फीवाढीविरुद्ध, हॉस्टेलच्या पाण्याबद्दल, कशाबद्दलही. आता सरकारी शाळांमधल्या मुलांना पुढच्या शिक्षणाचे अर्ज कसे करायचे ते सांगते. पदाचं नाव करिअर काउन्सेलर आहे. प्रत्यक्षात निम्मा वेळ दाखल्यांच्या मागे लागण्यात जातो.

आमचं काम नववीपासून सुरू होतं. नववीत जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. दहावीत असतानाच ठरवा की पीयूला, म्हणजे अकरावी-बारावीला, कोणते विषय घ्यायचे. कारण बायोलॉजी सोडली की पुढची काही दारं कायमची बंद होतात आणि ती बंद होताना आवाज होत नाही. फर्स्ट पीयूत कॉलेजांची माहिती काढा. सेकंड पीयूत परीक्षा द्या आणि अर्ज भरा. एवढं साधं आहे. पैसेवाल्यांच्या घरी हे मुद्दाम सांगावं लागत नाही. तिथे क्लासवाला सांगतो, मामा सांगतो, शेजारचा डॉक्टर सांगतो. आमच्या मुलांना सांगायला कुणी नसतं, आणि मग सगळे मिळून म्हणतात की पोरं कमी पडली.

मानसा कमी पडली नव्हती. तिने नववीपासून सगळं वेळेवर केलं होतं. तिला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. त्यांच्या गल्लीत एका गायीच्या पोटातून डॉक्टरने प्लॅस्टिकचा गोळा काढला, तेव्हा बाकीची मुलं पळाली आणि ही टॉर्च धरून उभी राहिली. दुसऱ्या आठवड्यात तिने मला विचारलं होतं, "अक्का, हे शिकायला काय घ्यावं लागतं?" म्हणून बायोलॉजी घेतली. म्हणून सीईटी दिली. व्हेटर्नरीची तिची रँक काठावरची आली. मिळेल किंवा मिळणार नाही, अशी. शेतकरी घरांतल्या मुलांसाठी काही जागा वेगळ्या असतात, त्यात ती बसत नव्हती. तिचे आजोबा कापड रंगवायचे आणि वडील कडकोळच्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहेत.

आता ऑप्शन एंट्री म्हणजे काय ते सांगते, कारण सगळं त्यावर अडलं होतं. परीक्षेनंतर सरकारी पोर्टलवर आपल्याला हव्या त्या कॉलेजांची यादी द्यायची. क्रमाने. इंजिनिअरिंग, फार्मसी, व्हेटर्नरी, शेती, सगळं एकाच यादीत. मग कॉम्प्युटर एकेका मुलाची यादी वरून खाली वाचतो. पहिल्या नंबरची जागा तुमच्या रँकला मिळते का? नाही. दुसरी? नाही. तिसरी? मिळते. तिथे थांबला. त्याखालचं सगळं रद्द. पुढच्या फेरीतसुद्धा मिळालेल्याच्या खालचं काही मागता येत नाही. वरचं मात्र मागता येतं.

याचा अर्थ दोन वाक्यांत. वर अवघड कॉलेज घातलं आणि ते नाही मिळालं, तर काहीही बिघडत नाही. वर सोपं कॉलेज घातलं, तर अवघड कॉलेजाला तुमचं नावसुद्धा कळत नाही.

मॉक अलॉटमेंट ही रंगीत तालीम असते. यादी अशीच ठेवली तर काय मिळेल ते दाखवतात, आणि बदलायला थोडा वेळ देतात. आमच्याकडे उद्या संध्याकाळपर्यंतचा वेळ होता.

मी हे सगळं गोपाळरावांना सांगितलं. चांगलं अर्धा तास. कागदावर बाण काढून.

"बरोबर आहे मॅडम," ते म्हणाले. "पण हासन वर टाकलं आणि नाही मिळालं, तर फार्मसीवाले म्हणतील ना, आम्हाला दुसऱ्या नंबरावर टाकलं. मग कशाला देतील?"

"त्यांना कळतच नाही तुम्ही कितव्या नंबरावर टाकलं ते."

"असं कसं कळत नाही? सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे."

"कॉलेज ठरवत नाही. रँक ठरवते."

"रँक काठावरची आहे म्हणून तर म्हणतो. मिळणारं आधी धरावं. सुम्ने मोठं मागून नंबर घालवायचा कशाला?"

सुम्ने म्हणजे उगाचच. त्यांच्या घरची मराठी अशीच आहे, दर चार शब्दांमागे एक कन्नड. गोपाळराव अडाणी माणूस नाहीत. कारखान्यात तीस माणसं त्यांच्या हाताखाली आहेत. ते हट्टीही नाहीत. ते घाबरलेले होते. घाबरलेल्या माणसाला बाण दाखवून उपयोग नसतो, हे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं.

"आणि देवीने उजवं दिलंय," त्यांनी शेवटचं सांगितलं. "आता मी ते फिरवायचं?"

मी म्हणाले, "काका, देवीला सीईटीची रँक कशी लागते ते माहीत आहे का?"

ते पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवून निघून गेले. मानसा जाताना म्हणाली, "अक्का, तुम्ही हे बोलायला नको होतं." तेही बरोबर होतं.

आमच्या ऑफिसमध्ये एक नियम आहे. माऊसला हात लावायचा नाही. पालक आणि मूल स्वतः क्रम लावतात, आपण शेजारी बसायचं. कारण नंतर काही बिनसलं की म्हणतात, संस्थेच्या बाईंनी भरलं. हा नियम आमच्या प्रमुख शैलजा मॅडमनी घातला. त्या पीयू कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झाल्या. आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी भांडता येत नाही.

मी त्यांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्या पेढा खात ऐकत होत्या.

"म्हणजे एका मुलीची चार वर्षांची मेहनत एका फुलावर," मी म्हणाले. "आणि आपण हात बांधून बसायचं."

"तू पत्रक बोलते आहेस," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "समोर एक माणूस होता. सभा नव्हती."

"मग काय बोलायला हवं होतं?"

"विचारायला हवं होतं. देवीला नेमकं काय विचारलं, कुणी विचारलं?"

"त्याने काय फरक पडतो?"

"मला माहीत नाही. तुलाही नाही. अर्धा तास बोललीस आणि एवढंही तुला माहीत नाही." त्यांनी हात पुसले. "उद्या त्यांच्या घरी जा. अंधश्रद्धा निर्मूलनाला नाही. मानसासाठी. आणि माऊसला हात लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी गोपाळरावांची दुपारची शिफ्ट होती. मी सकाळी लॅपटॉप घेऊन गेले. दार त्यांच्या मोठ्या बहिणीने उघडलं. मानसाची अत्या. नवरा गेल्यापासून भावाकडेच असते, पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते. देवळात प्रश्न विचारायचं काम घरात तिचंच आहे, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

"तीच का ही, देवीला रँक विचारणारी?" अत्याने आत बघून विचारलं.

"तीच," गोपाळराव आतून म्हणाले.

"ये. बस. कॉफी घेतेस ना? का कॉफीवर पण काही म्हणणं आहे तुझं?"

मी बसले. कॉफी आली. मी आधी कालच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. गोपाळरावांनी मान हलवली. मग मी ठरवून आले होते तेच विचारलं.

"अत्या, फूल कसं विचारतात ते मला सांगाल? मला खरंच माहीत नाही."

तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मी टिंगल करत नाही याची खात्री झाल्यावर सांगायला लागली. त्यांच्या समाजाचं एक छोटं देऊळ आहे. पुजारी देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवतो. आपण मनात नाही, मोठ्याने विचारायचं. उजवीकडचं फूल पडलं तर हो. डावीकडचं पडलं तर नाही.

"दोन गोष्टींतली कुठली, असं विचारता येतं का?"

"अल्ला, तसं नाही. फुलाला काय तोंड आहे? एका वेळी एकच गोष्ट. हे करू का? एवढंच."

"आणि डावं पडलं तर?"

"तर दुसरी गोष्ट विचारायची. माझ्या लग्नाच्या वेळी आईने तीन स्थळं विचारली. पहिली दोन डावी पडली."

"देवी रागावत नाही? सारखं सारखं विचारलं म्हणून?"

"मागितलं म्हणून कोण रागावतं गं? नाही तर नाही म्हणते. पुढचं विचार म्हणते."

"आणि उजवं पडलं की?"

"की संपलं. आयतु. नमस्कार करून घरी. उजवं पडल्यावर पुढचं विचारत नाहीत."

मानसा आतल्या दारात उभी होती. आदल्या दिवसापासून ती घरात कुणाशी धड बोलली नव्हती, असं तिने मला नंतर सांगितलं. तिथूनच ती म्हणाली, "अप्पा, देवळात तुम्ही आधी काय विचारायला सांगितलं होतं?"

"फार्मसी," गोपाळराव म्हणाले.

"का?"

"का म्हणजे? मिळणारं होतं म्हणून."

"आणि उजवं पडलं."

"पडलं."

"मग हासन कधी विचारलं?"

गोपाळराव बहिणीकडे बघायला लागले. अत्याने मशीनवरचं कापड बाजूला सारलं.

"विचारलंच नाही," ती म्हणाली. "गोप्या, तू मला म्हणालास, फार्मसी विचार. मी विचारलं. मला काय माहीत पोरीच्या मनात दुसरं आहे? मला वाटलं तुम्ही दोघांनी ठरवलंय."

"अगं, तिला म्हशींच्या मागे हासनला पाठवायचं?"

"ते वेगळं. ते तू तिला सांग. देवीच्या गळ्यात का घातलंस?"

मला बोलायची फार इच्छा झाली होती. मी कॉफी प्यायले.

मानसा पुढे येऊन वडिलांच्या समोर जमिनीवर बसली. "अप्पा, पोर्टल पण असंच आहे. अक्का काल तेच सांगत होत्या. वरचं एक विचारतं. नाही मिळालं तर खालचं विचारतं. मिळालं की थांबतं. तुम्ही फार्मसी वर ठेवली, म्हणून ते तिथेच थांबलं. हासन विचारलंच नाही त्याने."

"आणि हासन नाही म्हणालं तर फार्मसी जाणार नाही?"

"डावं पडल्यावर दुसरं स्थळ पळून जातं का?"

गोपाळराव बोटांवर क्रम मोजायला लागले. माझे बाण त्यांनी काल पाहिले होते. त्यातलं काहीच बदललं नव्हतं.

"मग परत देवळात जाऊन हासन विचारू या," ते शेवटी म्हणाले.

"नाही," अत्या म्हणाली. "उजवं घेऊन आलोय. त्याच कामासाठी परत गेलो तर पुजारी हाकलून देईल. हासन सरकारला विचार. सरकार नाही म्हणालं, तर देवीने हो म्हटलेली फार्मसी आहेच खाली."

मी लॅपटॉप उघडून गोपाळरावांसमोर ठेवला आणि हात मांडीवर ठेवले. पासवर्ड त्यांच्या फोनवर आला. त्यांनी एका बोटाने तो टाकला. माऊस मानसाकडे दिला. तिने हासन पहिल्या नंबरावर नेलं, शिवमोगा दुसऱ्यावर. मग तळाचं गदग वर ओढलं आणि फार्मसीच्या वर ठेवलं.

"हे गदग कुठून आलं?" गोपाळराव म्हणाले.

"होतंच. तुम्ही सगळ्यात खाली टाकलं होतं."

"लांब आहे ते. एक रात्र गाडीत जाते."

मी म्हणाले, "माझी सोलापूरची गाडी गदगवरूनच जाते. आम्ही मुली एकट्याच जातो-येतो." नंतर वाटलं, हेही पत्रकच झालं.

पण उत्तर अत्याने दिलं. "गदगकडे आपल्यातली माणसं आहेत. रंगाऱ्यांची घरं. हासनला आपलं कोण आहे? मला विचारशील तर गदगच पहिलं टाक."

"अत्या," मानसा म्हणाली, "तू जरा गप्प बस."

तिला गप्प बसवण्याची ही पहिलीच वेळ असावी. अत्या हसली आणि मशीनचं पॅडल मारायला लागली. यादी सेव्ह झाली. गोपाळराव शिफ्टला गेले. कारखान्यात फोन गेटवरच जमा करावे लागतात. म्हणजे त्यांनी मन बदललं तरी संध्याकाळी मुदत संपेपर्यंत त्यांना पासवर्ड मिळणार नव्हता. हे लक्षात येऊन मला बरं वाटलं. लिहायला हरकत नाही.

पहिल्या खऱ्या फेरीत मानसाला फार्मसी मिळाली. हासन नाही, शिवमोगा नाही, गदग नाही. तीन डावी. गोपाळराव ऑफिसमध्ये आले तेव्हा पेढे नव्हते आणि रागही नव्हता. "बघा," एवढंच म्हणाले.

आता पुढची पायरी. जागा मिळाली की पोर्टल विचारतं, तुमचं म्हणणं काय? एक पर्याय असा की मान्य आहे, मी प्रवेश घेतो, माझ्यापुरतं संपलं. दुसरा असा की हे धरून ठेवतो, पण पुढच्या फेरीत वरचं काही सुटलं तर ते द्या. वरचं मिळालं तर हातातलं आपोआप जातं. नाही मिळालं तर हातातलं राहतं. बहुतेक घरं पहिला पर्याय दाबतात. जीव भांड्यात पडावा म्हणून.

"हातातलं धरून वरचं मागायचं?" गोपाळरावांनी विचारलं. "असं चालतं?"

"चालतं."

"मग आधी का नाही सांगितलं?"

मी त्यांना हे दोनदा सांगितलं होतं. आमच्या पत्रकात छापलंही आहे. शैलजा मॅडम काचेपलीकडून माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "आता सांगते आहे ना."

त्यांनी दुसरा पर्याय दाबला. स्वतः.

दुसऱ्या फेरीत गदग लागलं. वर कुणीतरी मेडिकलला गेलं, कुणी हासन घेतलं, कुणी सोडलं, आणि सरकत सरकत एक जागा खाली आली. मॉकच्या वेळची यादी तशीच राहिली असती तर ती दुसऱ्या कुणाला मिळाली असती, आणि मानसाला कधी कळलंही नसतं.

गोपाळराव खूश झाले असं मी म्हणणार नाही. हासनहून रविवारी घरी येता आलं असतं. गदगहून महिन्याला एकदा. त्यांनी मला एकदा फोन करून विचारलं, फार्मसी परत मिळते का. मिळत नाही, मी सांगितलं. वरचं घेतलं की खालचं गेलं. "हे मात्र कळलं होतं," ते म्हणाले आणि फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात अत्या आणि ते दोघं मानसाला सोडायला गेले. अत्याने तिकडच्या नातेवाइकांकडे चार दिवस मुक्काम ठोकला.

यंदा उन्हाळ्यात मी बन्नूरच्या शाळेत दहावीच्या पालकांसमोर उभी होते. विचारलं, मुलांसाठी मनात सगळ्यात पहिलं काय आहे ते सांगा. एकेक जण उठून सांगत होता. घराजवळचं. मिळेल ते. झेपेल ते. मनात काय आहे ते एकानेही सांगितलं नाही. नाकारण्याचं काम त्यांनी शाळेत यायच्या आधीच उरकलं होतं, पोरांचं अजून दहावीचं वर्षही सुरू झालेलं नसताना.

म्हणून सांगते. जे नाही मिळालं तर वाईट वाटेल, ते वर लिहा. जे नक्की मिळेल, ते खाली लिहा. नाही म्हणायला सरकारने यंत्र बसवलेलं आहे. ते काम आपण घरी बसून फुकट करू नये.